वाऱ्याची वसुली

ज्या सायकलीची किंमत ऐकून ती मोटारसायकल असावी असा माझा प्रथम समज झाला, त्या सायकलीविषयीच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे यावे, यात ग्रंथकारांचा स्नेह जितका दिसतो तितका विवेक दिसत नाही, असे मी त्यांना प्रारंभीच सांगून टाकले होते. मी आयुष्यभर जी सायकल वापरली ती काळी, लोखंडी, मडगार्डाची आणि मागे कॅरियर असलेली. तिच्यावरून दळणाचे डबे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि क्वचित डबल सीट बसलेला धाकटा भाऊ यांची वाहतूक झाली, आणि ती वाऱ्याला किती अडते हा प्रश्न तिला अथवा मला कोणी कधी विचारला नाही. तथापि ग्रंथकारांचे म्हणणे असे पडले की, ज्याने चाळीस वर्षे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना द्रव व वायूंच्या प्रवाहाचे शास्त्र शिकवले आणि तितकीच वर्षे समोरच्या वाऱ्यात सायकल मारली, त्याला हा विषय दोन्ही अंगांनी ठाऊक असला पाहिजे. आणि या युक्तिवादापुढे माझी हरकत टिकली नाही.

शर्यतीच्या सायकली, विशेषतः हल्ली ज्यांना एअरो बाइक म्हणतात त्या, बोगद्यात उभ्या करून त्यांच्यावर वारा सोडावयाचा आणि त्यांना होणारा हवेचा विरोध ग्रॅमांत मोजावयाचा, हा या ग्रंथाचा विषय आहे. विंड टनेलला ग्रंथकारांनी सर्वत्र 'वातविवर' असा शब्द योजला आहे. शब्द रेखीव आहे. पण विवर म्हटले की माझ्या मनात आधी साप येतो, म्हणून या प्रस्तावनेपुरता मी आपला बोगदाच म्हणणार आहे.

हवेला अंग असते हे मला प्रथम शिकवले ते एका दूधवाल्याने. आषाढात शाळेतून परत येताना पश्चिमेचा वारा असा तोंडावर येई की पॅडलवर उभे राहूनही सायकल पुढे सरकू नये. अशा वेळी दोन्ही बाजूंना मोठ्या किटल्या लटकवलेला, डोक्याला मुंडासे बांधलेला हा रुंद खांद्यांचा गृहस्थ पुढे दिसला की मी जिवाच्या आकांताने त्याला गाठीत असे, आणि त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर पोहोचताच, कोणी दार लोटून घ्यावे तसा वारा एकदम बंद होई. पायांना कष्ट उरत नसत, कानांतला घोंघाट थांबे, त्याच्या किटल्यांच्या कड्यांचा किणकिणाट तेवढा ऐकू येई. मारुतीच्या देवळापाशी तो आपल्या गल्लीत वळे, आणि पुढच्याच क्षणी वाऱ्याची अशी चपराक बसे की मागच्या मैलभराची सगळी उधारी एकरकमी चुकती होई. वारा पाहून पाठ द्यावी असे आपल्याकडे म्हणतात खरे; पण ज्याचे घर वाऱ्याच्याच दिशेला आहे त्याने काय करावे, याची तजवीज त्या म्हणीत नाही.

या वसुलीचा हिशेब समजण्यास कठीण नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो चौपट विरोध दुप्पट वेगाने रेटावयाचा असल्यामुळे लागणारी शक्ती आठपट होते. माणूस आणि सायकल मिळून वाऱ्याला जे क्षेत्रफळ अडवितात त्याला आकाराच्या गुणांकाने गुणले की एक संख्या मिळते. सायकलपटू तिला नुसते सीडीए म्हणतात. वाकून बसलेल्या स्वाराची ही संख्या ०.३० चौरस मीटर धरली, तर समुद्रसपाटीच्या हवेत ताशी २० किलोमीटरला वारा सुमारे ३२ वॉट घेतो आणि ताशी ४० ला सुमारे २५२. त्या वेगाला छातीवर येणारी ओढ २.३ किलो वजनाच्या ओझ्याइतकी असते. टायर, चेन, बेअरिंगे या सर्वांचे देणे त्यापुढे किरकोळ ठरते. सपाट रस्त्यावर इतक्या वेगाने जाणाऱ्याच्या श्रमांतून हवा शेकडा ८० च्या वर उचलते. आपल्या पूर्वजांची चौथाई आणि सरदेशमुखी मिळून शेकडा ३५ च होत असे आणि तेवढ्यानेही मुलूख हैराण झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे शर्यतीतला सायकलपटू एकेका ग्रॅमासाठी का झगडतो ते उमगते.

हवा बाजूला काढली तर माणसाचे पाय काय करू शकतात, याचा दाखला फार जुना आहे. ३० जून १८९९ या दिवशी अमेरिकेत लाँग आयलंडवर चार्ल्स मर्फी नावाच्या सायकलपटूने धावत्या आगगाडीच्या मागे, रुळांच्या मध्ये अंथरलेल्या फळ्यांवरून, एक मैल अंतर ५७.८ सेकंदांत तोडले. डब्याच्या पाठीमागे त्याच्यासाठी आडोसा बांधला होता. माझा दूधवाला आणि मर्फीची आगगाडी यांत तत्त्वाचा भेद काहीच नाही, केवळ मुंडाशाची आणि इंजिनाची तफावत आहे.

परंतु या ग्रंथातील ज्या प्रकरणाने मला सर्वांत अधिक गुंतवून ठेवले ते राइट बंधूंविषयीचे आहे. बोगद्याचे जनकत्व त्यांच्याकडे जात नाही. तो मान १८७१ साली इंग्लंडात फ्रान्सिस वेनहॅमने मिळविला होता. राइट बंधू हे ओहायो संस्थानातील डेटन गावी सायकली बनवून आणि दुरुस्त करून पोट भरणारे कारागीर. १९०१ च्या उन्हाळ्यात त्यांचे ग्लायडर अपेक्षेच्या मानाने फारच कमी उचल देऊ लागले, तेव्हा जर्मन ग्लायडरकार लिलिएंटालच्या, पंखांच्या उचलीविषयीच्या ज्या कोष्टकांवर त्यांनी भिस्त ठेवली होती ती तपासून पाहण्याचे त्यांनी मनावर घेतले, आणि त्यासाठी हाताशी जे होते तेच वापरले. सायकलीच्या हँडलपुढे त्यांनी एक तिसरे चाक आडवे, मोकळे फिरेल असे बसविले. त्याच्या कडेवर एका ठिकाणी सपाट पट्टी आणि दुसऱ्या ठिकाणी पंखाचा बाकदार नमुना उभा केला. आणि ते गावातल्या रस्त्यांवरून जोराने सायकल हाणीत सुटले. कोष्टक खरे असते तर दोहोंचा जोर सारखा होऊन चाक स्थिर राहिले असते. ते फिरले! मग दुकानातच त्यांनी सहा फूट लांबीची आणि सोळा इंच चौरसाची एक लाकडी पेटी केली, तिच्या तोंडाशी पंखा लावला, आणि आत जो काटा बसविला तो करवतीच्या जुन्या पात्यांचा आणि सायकलीच्या स्पोकच्या तारेचा. त्या पेटीतून त्यांनी पंखांचे सुमारे दोनशे नमुने तपासले. विमानाची विद्या सायकलीच्या दुकानात अशी वाढली. आणि पुढे सॅन डिएगोचा, १९४७ साली कॉनव्हेअर या विमानकंपनीने आपल्या कामासाठी उभारलेला बोगदा सायकलवाल्यांचे तीर्थक्षेत्र झाला, तेव्हा ऋण घेणाऱ्याच्या वंशजांनी ते मूळ धनकोच्या घरी आणून पोचते केले, असे म्हणावयास हरकत नाही. २०१३ पासून तर कॅलिफोर्नियातील मॉर्गन हिल येथे स्पेशलाइज्ड या सायकलकंपनीने खास सायकलींसाठी स्वतःचाच बोगदा चालविला आहे.

बोगद्यात प्रत्यक्ष काय घडते हे ग्रंथकारांनी आकृत्यांसह दिले असल्याने मी त्याची पुनरुक्ती करीत नाही. एका गोष्टीकडे मात्र, माझी स्वतःची फजिती त्यात गुंतलेली असल्यामुळे, लक्ष वेधतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये फळ्यांचा एक बोगदा तयार केला होता. मागच्या टोकाला कारखान्यातून आणलेला जुना एग्झॉस्ट फॅन, पुढच्या तोंडाशी वाऱ्याचे भोवरे मोडावेत म्हणून सरबताच्या शेकडो नळ्या एकीला एक चिकटवून केलेले पोळे, आणि मध्ये ओळखीच्या सोनाराकडून मागून आणलेला काटा. एकाच जाडीचे दोन तुकडे घेतले होते, एक गोल दांडा आणि दुसरा मासोळीच्या अंगासारखा निमुळता. गोल दांड्याची ओढ निमुळत्यापेक्षा कित्येक पट भरते हे मी फळ्यावर आदल्याच दिवशी सिद्ध करून दाखविले होते. काट्याने दोघांचे माप जवळजवळ सारखे दाखविले. मी पंखा तपासला, नळ्या तपासल्या, सोनाराविषयीही वाईट विचार मनात आणले. शेवटी मागच्या बाकावरचा एक अबोल विद्यार्थी म्हणाला, "सर, नुसता स्टँडच ठेवून बघू या का?" नुसता स्टँड ठेवला, तर निम्म्याहून अधिक ओढ त्या बोजड स्टँडचीच निघाली; दोन्ही तुकड्यांचा भेद त्या गर्दीत बुडून गेला होता. सायकलीच्या बोगद्यात हा शिरस्ता कसोशीने पाळतात. दोन्ही चाकांचे आस बारीक खांबांत धरलेले, चाके जमिनीतल्या रोलरांवर फिरती, खाली संपूर्ण चौथरा तराजूवर. आणि आधी रिकाम्या खांबांची ओढ मोजून ती प्रत्येक मापातून वजा केली जाते. ज्या अहवालात या वजाबाकीचा उल्लेख नाही तो वाचकाने खुशाल मिटून ठेवावा.

खरी अडचण खांबांची नाही, माणसाची आहे. ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्यात स्वार आणि सायकल यांची मिळून ओढ तीन किलोच्या घरात भरते. तीत सायकलीचा वाटा चौथाईच्या आसपास; बाकीचे सगळे देणे स्वाराच्या देहाचे. एक उत्तम एअरो फ्रेम आणि एक बरी साधी फ्रेम यांच्यातला फरक शंभर ग्रॅमांचा निघाला तरी कंपनीचे लोक एकमेकांना पेढे वाटतील. आणि आत बसलेल्या माणसाने नुसते खांदे सैल सोडले, मान उचलून समोरच्या काचेकडे पाहिले किंवा पाठीवरच्या कपड्याला चुणी पडली, तर तेवढाच फरक उलट दिशेला पडू शकतो. म्हणून सायकलींची आपापसांत तुलना करताना कित्येक ठिकाणी जिवंत माणसाऐवजी पुतळा बसवितात. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठाने २०१६ च्या सुमारास टॉम ड्युमुलाँ या नामांकित सायकलपटूच्या देहाचे मोजमाप घेऊन त्याचा हुबेहूब पुतळा तयार केला आणि त्याच्या भोवती हेलियम भरलेले साबणाचे बारीक बुडबुडे सोडून हवेच्या वाटा कॅमेऱ्याने टिपल्या. पुतळ्याला खाज सुटत नाही, तो कंटाळत नाही, आणि दुपारच्या जेवणानंतर त्याची बैठक बदलत नाही. परंतु त्याला श्वासही नाही. आणि शर्यत श्वास घेणाऱ्यानेच जिंकावयाची असते, ही या शास्त्राची न सुटलेली गाठ आहे.

या अडचणीचे सर्वांत नाट्यमय उदाहरण १९८९ च्या टूर द फ्रान्सचे. सव्वातीन हजार किलोमीटरांच्या त्या शर्यतीचा शेवटचा टप्पा व्हर्साय ते पॅरिस असा २४.५ किलोमीटरांचा, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालविण्याचा होता. फ्रान्सचा लॉराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता, आणि एवढ्या थोड्या अंतरात ती आघाडी तुटेल असे जाणकारांना वाटत नव्हते. अमेरिकेचा ग्रेग लेमाँ आला तो ट्रायथलॉनवाल्यांकडून उचललेले, कोपरे टेकून हात पुढे जोडण्याचे हँडल आणि मागे निमुळते झालेले शिरस्त्राण घेऊन. फिन्याँने दोन्ही चाके भरीव तबकडीची लावली होती, पण डोके उघडे होते आणि मागे केसांची शेंडी वाऱ्यावर उडत होती. लेमाँने तो टप्पा ताशी ५४.५ किलोमीटरच्या सरासरीने कापला, फिन्याँला ५८ सेकंदांनी मागे टाकले आणि संपूर्ण शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. अवघी आठ सेकंदे! शेंडीला किती दोष द्यावा यावर तेव्हापासून आजतागायत वाद चालू आहे, आणि तो मिटू नये अशीच माझी इच्छा आहे. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते: ज्या वस्तूने बहुधा निकाल फिरविला ती सायकल नव्हती, माणसाला लहान करणारी नळ्यांची एक जोडणी होती. स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्रीने १९९३ साली घरी बनविलेल्या, धुलाईयंत्रातले बेअरिंग घातलेल्या सायकलीवर हात छातीखाली मुडपून तासाला ५१.५९६ किलोमीटरचा विक्रम केला तोही याच मार्गाने. सहाच दिवसांत क्रिस बोर्डमन या सायकलपटूने तो मोडला हे खरे, परंतु बोर्डमनच्या पाठीशी बोगदे होते आणि ओब्रीपाशी वर्कशॉपमधली काटछाट.

अशा प्रयोगांची दखल घेऊन यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढे नियम घट्ट केले. ओब्रीची बैठक बाद झाली. फ्रेमच्या नळीची खोली तिच्या रुंदीच्या तिपटीहून अधिक असू नये असा दंडक आला, आणि पुष्कळ वर्षांनी तो सैल झाला. नियमांवर टीका करणे सोपे आहे, आणि ग्रंथकारांनी ती सडकून केली आहे. मला मात्र त्या दंडकाचे थोडे आभार मानावेसे वाटतात, कारण अडवणुकीतूनच एक सुरेख युक्ती पुढे आली. वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याने १९३० च्या दशकात मोटारींसाठी दाखवून दिले होते की, निमुळत्या आकाराची शेपटी योग्य ठिकाणी सरळ कापून टाकली तरी हवा ती जणू शाबूतच आहे असे समजून वागते. आजच्या बहुतेक एअरो बाइकच्या नळ्या अशा शेपूट छाटलेल्या आहेत. त्यांचे वजन कमी भरते, त्या नियमात बसतात, आणि बाजूने येणाऱ्या वाऱ्यात पूर्ण निमुळत्या नळीसारख्या बावचळत नाहीत.

बाजूच्या वाऱ्याचा हा मुद्दा सामान्य खरेदीदाराने विशेष समजून घ्यावा, कारण जाहिरातींची सारी हातचलाखी येथेच चालते. ताशी ४० च्या वेगाने जाणाऱ्याला काटकोनात ताशी १० चा वारा लागला, तर त्याच्या दृष्टीने एकूण वारा सुमारे १४ अंश तिरका येतो. या कोनाला यॉ म्हणतात. खोल रिमचे चाक किंवा रुंद नळी अशा तिरक्या वाऱ्यात शिडाचे काम करते आणि ओढ उलट कमी होते; म्हणून बोगद्यातला चौथरा फिरवून प्रत्येक कोनाला माप घेतात आणि त्या मापांचा एक वक्र निघतो. आता एखाद्या उत्पादकाने त्या वक्रातला आपल्या सायकलीला सर्वांत अनुकूल असा कोन निवडला, वेग रस्त्यावर क्वचितच कोणी गाठील असा ताशी ५० धरला, पाण्याच्या बाटल्या काढून ठेवल्या आणि तुलनेसाठी आपलेच जुने मॉडेल पुढे केले, तर त्याने एकही आकडा खोटा न सांगता वाटेल तो निकाल पदरात पाडून घेतला, असे होते. असा आकडा म्हणजे एकतर्फी जबानी होय. कोणत्या कोनाला, कोणत्या वेगाला, स्वारासह की स्वाराविना, आणि किती वेळा मोजून, एवढी उलटतपासणी झाल्याखेरीज ती दप्तरी दाखल करून घेऊ नये. ग्रंथाचे पाचवे प्रकरण या उलटतपासणीला वाहिलेले आहे आणि माझ्या मते एवढ्या एका प्रकरणासाठीही पुस्तकाची किंमत वसूल होते.

आपल्या रस्त्यांवरच्या माणसाला या सगळ्याचा उपयोग किती, हा प्रश्न मी ग्रंथकारांना तोंडावर विचारला. समजा, नव्या फ्रेमने सीडीए ०.०१ ने उतरला. ताशी ४५ ने जाणाऱ्याचे त्यात १२ वॉट वाचतात, ताशी २५ ने जाणाऱ्याचे जेमतेम २. मी हा हिशेब मांडून विजयी मुद्रेने पाहिले, तेव्हा त्यांनी शांतपणे दुसरी बाजू दाखविली: अंतर तेवढेच असेल तर हळू जाणारा रस्त्यावर अधिक वेळ असतो, आणि म्हणून मिनिटांत मोजले तर त्याचीच बचत पुष्कळदा मोठी निघते. मला निरुत्तर व्हावे लागले. तरी माझे मत बदललेले नाही. ज्याच्या शर्टाची बटणे उघडी आहेत आणि पाठीवर फुगलेली पिशवी आहे, त्याने लाखभर रुपयांची फ्रेम घेण्याआधी बटणे लावावीत. आणि ज्याला चार सोबती आहेत त्याने त्यांच्या मागे राहावे. आइंडहोव्हनच्या विद्यापीठात २०१८ साली १२१ सायकलपटूंच्या ताफ्याचा संगणकावर आणि चतुर्थांश आकाराच्या तितक्याच बाहुल्या बोगद्यात मांडून अभ्यास झाला, तेव्हा ताफ्याच्या पोटातल्या स्वाराला एकट्याच्या मानाने शेकडा ५ ते १० इतकाच विरोध लागतो असे दिसून आले. मागे कोणी असले तर पुढच्याचेही ओझे किंचित हलके होते, हेही याच विद्यापीठातील अभ्यासकांनी दाखविले आहे. म्हणजे त्या दूधवाल्यावर माझेही थोडे उपकार होते. त्याला हे कळविण्याचा मार्ग आता उरलेला नाही.

ग्रंथाच्या अखेरीस बोगद्यावाचून करण्याचा एक प्रयोग दिला आहे: उताराच्या माथ्यावरून पॅडल न मारता सायकल सोडावी, खालच्या सपाटीवर ती जेथे थांबेल तेथे खूण करावी, आणि बैठक बदलून पुन्हा तेच करावे. प्रस्तावना हातावेगळी करण्यापूर्वी तो करून पाहणे मला कर्तव्य वाटले. शेजारच्या मुलाला त्याच्या सायकलीसह आमच्या टेकडीच्या उतारावर नेले आणि मी खडू घेऊन खाली उभा राहिलो. ताठ बसून तो आला तेव्हा एक रेघ मारली; हँडलवर नाक टेकवून आला तेव्हा दुसरी, आणि दोहोंत माझी एकवीस पावले भरली. माप एकदा घेऊन भागत नाही असे मीच वर लिहिले असल्यामुळे त्याला तिसऱ्यांदा वर पाठविले. तो माथ्यावर पोहोचेपर्यंत गवळ्याच्या म्हशी रस्ता ओलांडून गेल्या आणि खडूच्या दोन्ही रेघा घेऊन गेल्या.